मुंबईच्या बागा आणि एक तापमापक

मुंबईत बागा फार थोड्या, अशी तक्रार आपण नेहमी ऐकतो. तक्रार खरी आहे. कोटीच्या वर माणसे आणि बोटांवर मोजावीत इतकी मोठी उद्याने, हे प्रमाण काही अभिमानाने सांगण्यासारखे नाही. पण ज्या आहेत त्यांतल्या काही बागा अशा आहेत की अकरावी-बारावीच्या भौतिकीतली निम्मी प्रकरणे तेथल्या बाकांवर बसून शिकवता येतील. प्रस्तुत लेखकाचा व्यवसायच भौतिकी शिकवण्याचा असल्यामुळे त्याच्या आवडीनिवडी थोड्या चमत्कारिक आहेत. जिथे रंगीत कारंजे आहे, सिमेंटची हरणे आहेत आणि पायाखाली चकचकीत फरशी आहे, ती बाग त्याला आवडत नाही. जिथे जुनी झाडे आहेत आणि माती उघडी आहे, ती आवडते. हा केवळ लहरीपणा नव्हे. त्यामागे थोडा हिशोब आहे, आणि तो हिशोब आपण मुंबईतल्या मोजक्या बागांतून हिंडत हिंडत करणार आहोत.

बरोबर फारसे काही लागत नाही. शाळेच्या प्रयोगशाळेतले दोन साधे तापमापक, एक फूटपट्टी, एक वही आणि पाण्याची बाटली. २०२० च्या साथीच्या काळात दारोदार कपाळासमोर धरला जाणारा अवरक्त तापमापक आठवतो ना? त्यांतल्या काहींत वस्तूचे तापमान मोजण्याचीही सोय असते. तसा एखादा मिळाला तर सोन्याहून पिवळे. नाही मिळाला तरी अडत नाही.

राणीच्या बागेत

पहिला मान राणीच्या बागेचा. ही १८६२ साली लोकांसाठी खुली झाली. तेव्हा ती व्हिक्टोरिया गार्डन होती. आज तिचे नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. पण टॅक्सीवाल्याला ‘राणीची बाग’ म्हटल्याखेरीज उमगत नाही, हेही खरे. भायखळा स्टेशनावर पूर्वेला उतरून दहा-पंधरा मिनिटे चालले की आपण फाटकाशी पोचतो. बुधवारी बाग बंद असते, तेव्हा तो वार टाळा.

बहुतेक मुले येथे प्राणी पाहायला येतात आणि झाडांकडे पाठ करून उभी राहतात. वास्तविक या बागेचे खरे वैभव म्हणजे तिची झाडे. आफ्रिकेतून आलेली गोरखचिंच येथे आहे. तिचा बुंधा म्हणजे पाणी साठवण्याचा रांजणच. खोडावरच फुलणारा दक्षिण अमेरिकेतला कैलासपती आहे. ब्रह्मदेशातून, म्हणजे आजच्या म्यानमारमधून आलेला, झुंबरासारखी फुले लोंबकळणारा उर्वशी वृक्ष आहे. काही वर्षांपूर्वी प्राणिसंग्रहालयाच्या नव्या आराखड्यात या झाडांवर गदा येईल अशी भीती निर्माण झाली, तेव्हा वनस्पतिप्रेमी नागरिकांनी एकेक झाड मोजून त्यांची यादीच केली. सुमारे तीन हजार झाडे आणि त्यांच्या २८६ जाती! मोजणी हे विज्ञानाचे पहिले शस्त्र आहे ते असे.

आता पहिला प्रयोग. फाटकाबाहेरच्या रस्त्यावर, दुपारी दोनच्या सुमारास, हवेचे तापमान मोजा. तापमापकाच्या फुग्यावर थेट ऊन पडू देऊ नका. छत्रीच्या सावलीत धरा. उन्हात धरलेला तापमापक हवेचे तापमान दाखवत नाही, स्वतः किती तापला ते दाखवतो. मग आत जाऊन एखाद्या जुन्या वृक्षाखाली पाच मिनिटे थांबून पुन्हा मोजा. पहिल्यांदा हा प्रयोग करणाऱ्यांची येथे निराशा होते. बाहेर ‘भट्टी’ आणि आत ‘गारवा’ असे शरीर सांगत असते, आणि तापमापक मात्र जेमतेम एक-दोन अंशांचा फरक दाखवतो.

मग खोटे कोण बोलते? शरीर की तापमापक?

दोघेही खरेच बोलतात. दोघे वेगवेगळ्या गोष्टी मोजतात. तापमापकाने मोजली ती हवा. हवा एका जागी थांबत नाही. रस्त्यावरची तापलेली हवा वाऱ्याबरोबर झाडाखाली येते आणि झाडाखालची बाहेर जाते, त्यामुळे एकट्या झाडाखाली फरक फार राहत नाही. आपल्या त्वचेला मात्र हवेखेरीज आणखी एक गोष्ट जाणवते, आणि ती म्हणजे प्रारण. प्रत्येक वस्तू आपल्या तापमानानुसार अदृश्य अवरक्त किरण सोडत असते, आणि त्यांचे प्रमाण केवल तापमानाच्या चौथ्या घाताच्या पटीत वाढते. हा स्टीफन-बोल्ट्झमन नियम तुमच्या पुस्तकात आहेच. एप्रिल-मेच्या दुपारी डांबरी रस्ता सहज ५५ अंश सेल्सियसला, म्हणजे ३२८ केल्विनला पोचतो. गणित केले तर त्याच्या प्रत्येक चौरस मीटरातून सुमारे ६५५ वॅट बाहेर पडतात. झाडाखालची माती ३० अंशांवर, म्हणजे ३०३ केल्विनला असली, तर सुमारे ४८० वॅट. फरक १७५ वॅटचा. रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसाला वरून सूर्य भाजत असतो आणि खालून रस्ता. झाडाखाली दोन्ही आचा एकदम बंद होतात. गारवा वाटतो तो मुख्यतः यामुळे.

पण मग असा प्रश्न येतो की सावलीच हवी असेल तर पत्र्याचे छप्पर का चालू नये? बसस्टॉपवर ते असतेच की. त्या पत्र्याखाली उभे राहून पाहा. पत्रा स्वतः तापतो आणि वरून खाली प्रारण करू लागतो. झाडाचे पान दिवसभर त्याच उन्हात असते, तरी ते हवेपेक्षा फारसे तापत नाही. हाताला पत्रा चटका देतो, पान देत नाही. का बरे?

कारण पान पाणी उडवते. मुळांनी ओढलेले पाणी पानांच्या पर्णरंध्रांतून वाफ होऊन बाहेर जाते, याला बाष्पोच्छ्वास म्हणतात. पाण्याची वाफ व्हायला उष्णता लागते. तिला आता पुस्तकांत अप्रकट उष्मा म्हणतात, आमच्या वेळी सुप्त उष्णता म्हणत. उन्हाळ्यातल्या नेहमीच्या तापमानाला एक किलोग्रॅम पाण्यामागे ती सुमारे २४ लाख ३० हजार जूल भरते. समजा, एका मोठ्या झाडाने दिवसभरात १०० लिटर पाणी उडवले. म्हणजे त्याने २४ कोटी ३० लाख जूल उष्णता खर्ची घातली. घरातल्या दीड टनी वातानुकूलन यंत्राची उष्णता उपसण्याची क्षमता सेकंदाला सुमारे ५,२७० जूल असते, म्हणजे तासाला सुमारे १ कोटी ९० लाख. भागाकार करा. जवळजवळ तेरा तास! असे एक झाड म्हणजे सकाळपासून रात्रीपर्यंत चालणारे एक दीड टनी यंत्र, आणि विजेचे बिल शून्य. शिवाय यंत्र खोलीतली उष्णता खिडकीबाहेर ओतते आणि वर स्वतःच्या विजेची उष्णताही तीत घालते. शेजाऱ्याला ती सोसावी लागते. झाडाने घेतलेली उष्णता मात्र वाफेबरोबर वर जाते आणि उंच हवेत वाफेचे ढग होताना बाहेर पडते.

येथे एक सावधगिरीची सूचना. झाडाची यंत्राशी तुलना अनेक भाषणांत ऐकू येते, पण तिला मर्यादा आहेत. झाड बंद खोलीत उभे नसते, म्हणून त्याच्याखाली हवा दहा अंशांनी उतरेल अशी अपेक्षा धरू नये. आणि पाणी किती उडेल ते हवेच्या कोरडेपणावर अवलंबून असते. दुसरा तापमापक यासाठीच आणला आहे. त्याच्या फुग्याला ओल्या कापडाची वात गुंडाळा आणि दोन्ही तापमापक शेजारी धरा. मार्चमध्ये पूर्वेकडून कोरडे वारे येतात तेव्हा ओला तापमापक कोरड्यापेक्षा बराच खाली उतरतो. जुलैत दोघे जवळजवळ हातात हात घालून असतात. झाडाचे यंत्र जोरात चालते ते मार्चमध्ये. पावसाळ्यात ते सुट्टीवर जात नाही, पण मंदावते.

आणखी एक कोडे येथल्या उंच झाडांखाली उभे राहून सोडवण्यासारखे आहे. पाण्याचा पंप वरून शोषून पाणी चढवत असेल तर ते १० मीटरच्या वर चढत नाही, हे तुम्ही शिकला आहात. वातावरणाचा दाब तेवढाच पाण्याचा स्तंभ तोलू शकतो. मग १० मीटरपेक्षा उंच झाडाच्या शेंड्यावरचे पान पाणी पिते तरी कसे? उत्तर असे की झाडाच्या वाहिन्या अतिशय बारीक असतात आणि त्यांतली पाण्याची धार सलग असते. पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून असतात. वर पानातून एक रेणू उडाला की तो मागच्याला ओढतो, मागचा त्याच्या मागच्याला, थेट मुळापर्यंत. झाड पाणी शोषत नाही, दोरीसारखे ओढते. दोरी तुटली, म्हणजे वाहिनीत हवेचा बुडबुडा शिरला, की ती वाहिनी निकामी होते.

आता मान खाली घाला. झाडाखालच्या मातीवर उन्हाचे कवडसे पडलेले दिसतील. पानांमधल्या फटी वेड्यावाकड्या, त्रिकोणी, चिंचोळ्या, कशाही असतात. पण कवडसे बघा, जवळजवळ सगळे गोल किंवा लांबट गोल! हे फटींचे आकार नव्हेत, या सूर्याच्या प्रतिमा आहेत. प्रत्येक फट म्हणजे एक सूचिछिद्र कॅमेरा. २६ डिसेंबर २०१९ ला मुंबईतून खंडग्रास सूर्यग्रहण दिसले, त्या वेळी असे कवडसे चंद्रकोरीच्या आकाराचे होतात हे पाहण्याची संधी होती. पण ग्रहणाची वाट पाहण्याचे कारण नाही. सूर्याचे आपल्यापासूनचे अंतर त्याच्या व्यासाच्या सुमारे १०८ पट आहे. (जपमाळेत मणी तितकेच असतात, हा योगायोग, त्यावरून लगेच कोणी ग्रंथ लिहू नये.) म्हणून कवडशाची अरुंद बाजू मोजा, तिला १०८ ने गुणा, आणि ज्या फटीतून तो आला ती तुमच्यापासून किती लांब आहे ते मिळेल. कवडसा १२ सेंटिमीटर असेल तर फट सुमारे १३ मीटरवर. फूटपट्टीने झाडाच्या फांदीचे अंतर मोजता येते, आणि तेही झाडावर न चढता! फट मात्र कवडशाच्या मानाने बरीच लहान हवी, म्हणून अंधुक कडांचे गोल कवडसेच निवडावेत.

या बागेतले पेंग्विन पाहायला रांग लागते. २०१६ साली आलेले हे हंबोल्ट पेंग्विन दक्षिण ध्रुवाकडचे नव्हेत, पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचे आहेत. तरी मुंबईची हवा त्यांना सोसणारी नाही, म्हणून त्यांचे दालन यंत्रांनी थंड ठेवावे लागते. पाहून झाले की बाहेर येऊन वर केलेला हिशोब आठवा: आतली उष्णता कोठे गेली असेल? उत्तर शोधायला बागेबाहेर जावे लागणार नाही. जाता जाता शेजारच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारातला दगडी हत्ती जरूर पाहा. घारापुरी बेटाला ज्याच्यामुळे ‘एलिफंटा’ हे नाव पडले तो हाच.

पाण्यावर वसलेली बाग

मलबार टेकडीवरचे फिरोजशहा मेहता उद्यान, म्हणजेच हँगिंग गार्डन, पाहायला आलेला पाहुणा नेहमी विचारतो, “इथे लटकलेले काय आहे?” लटकलेले काहीच नाही. पण आपण हिरवळीवर उभे असतो तेव्हा पायाखाली जमीन नसते, पाणी असते. दक्षिण मुंबईला पाणी पुरवणारा १८८७ सालचा जलाशय या बागेखाली आहे आणि त्यात १४ कोटी ७० लाख लिटर पाणी मावते. आकडा नुसता वाचून डोक्यात शिरत नाही, म्हणून असे पाहा: आठ मीटर लांब, सहा मीटर रुंद आणि साडेतीन मीटर उंच वर्ग घेतला तर असे साडेआठशेहून अधिक वर्ग काठोकाठ भरतील.

जलाशय टेकडीवरच का? कारण पाणी तेथून आपोआप खाली येते. दर १० मीटर उंचीला पाण्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलोग्रॅम-भाराने वाढतो. हा तोच १० मीटरांचा आकडा, जो मघाशी झाडाच्या वेळी भेटला होता. मलबार टेकडी सुमारे ५० मीटर उंच आहे. गिरगावातल्या एखाद्या नळापेक्षा जलाशय ४० मीटर वर असेल तर नळावर सैद्धांतिक दाब चार किलोग्रॅम-भार इतका हवा. प्रत्यक्षात तेवढा मिळत नाही; लांबलचक नळातले घर्षण आणि एकाच वेळी उघडलेल्या हजारो तोट्या त्याचा बराच भाग खाऊन टाकतात. तरीही पंप बंद पडला तरी पाणी खाली येतच राहते, हा टेकडीचा गुण मोठा आहे.

वरच्या मातीचाही उपयोग आहे. उन्हाने जमिनीचा पृष्ठभाग दुपारी तापतो, रात्री निवतो. हा चढउतार मातीत फार खोल जात नाही. साधारण दर १२ सेंटिमीटरला तो एक-तृतीयांश होतो. पृष्ठभागावर दिवसरात्रीचा फरक २७ अंश असेल तर १२ सेंटिमीटरवर ९, २४ वर ३ आणि ३६ वर अवघा १. शिवाय तो उशिराही पोचतो. १२ सेंटिमीटर खाली ‘दुपार’ होते ती वर दुपार झाल्यावर सुमारे चार तासांनी! देशावरच्या जुन्या वाड्यांच्या हातभर जाड मातीच्या भिंती दुपारी गार का लागतात, ते येथे कळते. हँगिंग गार्डनचे पाणीही अशाच गोधडीखाली झाकलेले आहे. मात्र टाकीच्या छतावर मोठ्या वृक्षांची मुळे परवडणारी नाहीत. म्हणून मध्यभागी हिरवळ आणि प्राण्यांच्या आकारात कातरलेली झुडपे, आणि मोठी झाडे कडेच्या बाजूंना.

ही झाडे २०२३ साली फार चर्चेत आली. जलाशय जुना झाला, तेव्हा तो पाडून मोठा बांधावा असा महापालिकेचा बेत होता. त्यात जवळजवळ चारशे झाडे तोडावी किंवा हलवावी लागणार होती. रहिवाशांनी विरोध केला, तज्ज्ञांनी जलाशयाची पाहणी केली, आणि अखेर पुनर्बांधणीचा बेत बाजूला पडून दुरुस्तीचा विचार पुढे आला. यात एक बाजू शहाणी आणि दुसरी वेडी असे समजू नये. दीडशे वर्षांकडे झुकलेली टाकी ही चिंतेची बाब आहेच, आणि पाणी सगळ्यांनाच हवे. पण ‘झाडे दुसरीकडे लावू’ हे वाक्य मात्र तपासून घ्यावे. जुने झाड उपटताना त्याची बरीचशी मुळे तुटतात. ओढणारी दोरी खालून तुटली की वरची पाने तगत नाहीत, म्हणून आधी फांद्याही छाटाव्या लागतात. उरते ते एक खोड. ते जगले तरी पूर्वीएवढी सावली आणि पूर्वीएवढी वाफ द्यायला त्याला किती वर्षे लागतील? हा प्रश्न वनस्पतिशास्त्राइतकाच अंकगणिताचा आहे.

समोरच्या कमला नेहरू पार्कमध्ये म्हातारीचा बूट आहे. १९५२ पासून कित्येक पिढ्या त्यात चढून उतरल्या. तेथून गिरगाव चौपाटी आणि मरीन ड्राइव्हचा चाप एका दृष्टिक्षेपात दिसतो, आणि दुपारी समुद्रावरून येणारा खारा वाराही तेथे छान लागतो. जमीन लवकर तापते, समुद्र सावकाश. वरचढ तापलेल्या जमिनीवरची हवा वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरची धावते. २०२५ च्या मार्चमध्ये या पार्कजवळून झाडांच्या मधून जाणारा सुमारे ४८५ मीटर लांबीचा लाकडी उन्नत मार्ग खुला झाला. त्यावरून चालताना झाडाचा माथा डोळ्यांच्या पातळीवर येतो. कोणती पाने उन्हात आहेत आणि कोणती सावलीत, ते येथून जसे दिसते तसे खालून कधी दिसत नाही.

एक मैदान, एक कचराभूमी

दादरचे शिवाजी पार्क हे बाग नव्हे, मैदान आहे; पण त्याला वगळले तर दादरकर हा अंक विकत घेणार नाहीत. १९२५ साली खुले झालेल्या आणि १९२७ साली शिवछत्रपतींचे नाव मिळालेल्या या सुमारे २८ एकरांच्या मैदानाने क्रिकेटपटू किती दिले, हे सर्वांना ठाऊक आहे. भौतिकीच्या शिक्षकाला तेथे दिसते ती धूळ. मैदानातल्या तांबड्या मातीच्या धुळीबद्दल आसपासचे रहिवासी गेली काही वर्षे तक्रार करीत आले आहेत, आणि स्टोक्सचा नियम त्यांच्या बाजूने साक्ष देतो. मातीचा वाळूएवढा कण झटकन खाली बसतो. पण एक सेंटिमीटरचा हजारावा भाग व्यास असलेला कण हवेच्या श्यानतेमुळे सेकंदाला फक्त ८ मिलिमीटर वेगाने उतरतो. माणसाच्या नाकाच्या उंचीवरून, दीड मीटरवरून, जमिनीवर यायला त्याला तीन मिनिटांहून जास्त वेळ लागतो. तेवढ्यात सेकंदाला दोन मीटरची मंद झुळूकसुद्धा त्याला पावणेचारशे मीटर दूर नेते. खेळणारा मैदानात, आणि धूळ समोरच्या इमारतीतल्या आजोबांच्या छातीत! पाणी शिंपडले की पृष्ठीय ताण कणांना एकमेकांना चिकटवतो, पण मे महिन्यात ते पाणी तासा-दोन तासांत उडते. गवत हा टिकाऊ उपाय. ते जमिनीलगतचा वारा अडवते आणि मुळांनी माती धरते. पण गवत टिकवायचे तर खेळ थांबवावा लागेल, आणि शिवाजी पार्कात खेळ थांबवायला सांगण्याचे धैर्य निदान माझ्यात नाही.

शेवटची बाग सर्वांत तरुण आणि माझ्या मते सर्वांत नवलाची. शीव आणि वांद्रे यांना जोडणाऱ्या रस्त्यावर, धारावी बस आगारासमोर, महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे. १९७० च्या दशकापर्यंत येथे मुंबईचा कचरा टाकला जात असे. १९७७ च्या सुमारास ते बंद झाले, १९८३ साली पक्षितज्ज्ञ डॉ. सलीम अली यांच्या हस्ते पहिले रोप लावले गेले, आणि १९९४ साली उद्यान लोकांसाठी खुले झाले. सुमारे ३७ एकर. एका बाजूला मिठी नदीकाठची खारफुटी, दुसऱ्या बाजूला ट्रक आणि रिक्षांचा अखंड ओघ. आत शंभर-दीडशे पावले गेले की गोंगाट मावळतो आणि पाखरांचा आवाज ऐकू येऊ लागतो.

“झाडे आवाज शोषून घेतात,” असे येथे प्रत्येक जण म्हणतो. थोडे मोजून पाहू. मोबाइलवर आवाजाची पातळी डेसिबेलमध्ये दाखवणारी सोय मिळते. तिचा आकडा अगदी अचूक नसतो, पण दोन ठिकाणांतला फरक कळायला पुरेसा असतो. सतत वाहणारा रस्ता म्हणजे आवाजाची एक लांब रेषा. अशा रेषेपासूनचे अंतर दुप्पट केले की पातळी ३ डेसिबेलने उतरते. म्हणजे १० मीटरवरून १६० मीटरवर गेलो तर अंतर चार वेळा दुप्पट झाले आणि निव्वळ अंतरामुळेच १२ डेसिबेल कमी झाले. झाडांची गर्दी दाट असेल तर आणखी काही डेसिबेल गळतात, पण फार नाही. एक विरळ रांग तर जवळजवळ काहीच करीत नाही. मऊ माती आणि पालापाचोळा यांचा वाटा आपण समजतो त्यापेक्षा मोठा असतो. आणि उरलेल्या गोंगाटावर पानांची सळसळ पांघरूण घालते. घराच्या कुंपणाला चार अशोक लावून रस्त्याचा आवाज थांबेल, असे म्हणून कोणी रोपे विकत असेल तर विचार करा. झाडे लावा, पण वेगळ्या कारणासाठी.

हॉर्निमन सर्कल, माटुंग्याच्या पाच बागा, यांच्याबद्दल लिहायचे राहिलेच. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला तर बाग म्हणणे म्हणजे समुद्राला तळे म्हणण्यासारखे आहे. त्याला स्वतंत्र लेख हवा.

मुंबईबाहेरच्या वाचकांनी हिरमुसण्याचे कारण नाही. आता नव्याने ‘सुशोभित’ केलेल्या लहान बागा गावोगावी आहेत. तेथे दुपारी दोन वाजता पाच जागी पृष्ठभागाचे तापमान घ्या: उघडी माती, खरे गवत, सिमेंटचे ठोकळे, प्लॅस्टिकची हिरवळ आणि झाडाखालचा पाचोळा. अवरक्त तापमापक नसेल तर साध्या तापमापकाचा फुगा जमिनीला टेकवून त्यावर कापसाचा लहान बोळा ठेवावा आणि तीन मिनिटे थांबावे. पाचही आकडे एकाखाली एक मांडून, तारीख आणि ढगांची स्थिती लिहून, शाळेच्या फलकावर लावा. आठ दिवसांनी पुन्हा मोजा. आणि हो, प्लॅस्टिकच्या हिरवळीवर अनवाणी उभे राहून वाचन घेऊ नका. ती दिसायला गवतासारखी असली तरी पाणी उडवत नाही. भर उन्हात ती साध्या तापमापकाच्या पन्नासच्या खुणेपुढे सहज जाते.